योग्य ती दखल

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. (वय त्रेसष्ट आणि वजन त्याहून तीसने जास्त झालं, तरी माझ्यासाठी तू बारक्याच.) तुझी कंबर आणि वहिनीचा गुडघा कसा आहे ते सवडीने कळव. माझं विचारशील तर रक्तदाब तेवढा वर आहे, बाकी सगळं खाली.

घरामागच्या ओढ्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं. तू ते वाचलं नसणार, म्हणून पुन्हा लिहिते. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक रंगारी आहे. त्याचा कापड रंगवण्याचा लहानसा कारखाना आहे, आणि तिथलं उरलेलं पाणी तो एका जाड पाइपाने ओढ्यात सोडतो. सोमवारी ओढा निळा आणि मंगळवारी किरमिजी वाहायचा, तोवर मी गप्प होते. (म्हणजे फक्त तोंडी भांडत होते.) पण गेल्या उन्हाळ्यापासून आपल्या विहिरीचं पाणी गुलाबी यायला लागलं. त्या पाण्याने हात धुतले तरी खाज सुटते. लिंबाच्या झाडाने पानं गाळली ती गाळलीच. आता प्यायचं पाणी मी चौथ्या गल्लीतल्या नळावरून आणते. या वयात, या पाठीने, आणि वाटेत प्रत्येकाला 'काय, फिरायला वाटतं?' याचं उत्तर देत.

म्हणून नगरपालिकेत लेखी तक्रार करायची ठरवली. इथेच माझं शिक्षण आडवं आलं. नन्सच्या शाळेत आरडाओरडा केला की वर्गाबाहेर उभं करत, पण तोच राग गोड शब्दांत लिहिला तर वहीवर लाल शाईने 'उत्तम' मिळायचं. पुढे विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात एकतीस वर्षं काढली, तिथेही तेच. मला सरळ चिडता येत नाही रे, मी उपरोधाने चिडते. तेव्हा मी लिहिलं, की सदर रंगारीबुवांनी आमच्या रुक्ष ओढ्यात अक्षरशः रंग भरले आहेत. पूर्वी इथे डासांचा उपद्रव असे, आता डाससुद्धा फिरकत नाहीत. शेजारची लहान मुलं पाण्याकडे बघून आठवड्याचे वार शिकली. असं कर्तृत्व दुर्लक्षित राहू नये, त्याची जाहीर दखल घ्यावी आणि त्यांना जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी द्यावं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि स्वतःवरच खूष झाले. विषयाच्या ओळीत काय घातलं असेल? 'रंगारी कारखान्याच्या कार्याची योग्य ती दखल घेण्याबाबत.'

आता मला काय ठाऊक, की त्याच आठवड्यात नगरपालिकेत अर्ज द्यायच्या त्याच खिडकीवर पर्यावरण सन्मानाच्या शिफारशी घेत होते! पर्यावरण राखणाऱ्या व्यक्ती आणि व्यवसाय यांचा जाहीर गौरव. खिडकीवरच्या कारकुनाने विषयाची ओळ वाचली, शिक्का मारला आणि कागद उजवीकडच्या ट्रेमध्ये टाकला. तक्रारींचा ट्रे डावीकडे होता. (तो इतका भरला होता की कदाचित दया येऊनही त्याने उजवीकडे टाकला असेल.)

पुढचं तू ओळखलंच असशील. निवड समितीने माझं पत्र एकमताने उचललं. डास हटवले म्हणून आरोग्य, मुलांना वार शिकवले म्हणून शिक्षण, आणि रंग भरले म्हणून सुशोभीकरण. आमच्या कोपऱ्यावर एक छत्रीवाला बसतो. इतरांनी फेकलेल्या छत्र्या चाळीस वर्षं तो दुरुस्त करून पुन्हा वापरात आणतोय. पण त्याचं काम उल्लेखनीय ठरलं नाही, कारण त्याचा उल्लेख कुणी केलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मी रंगाऱ्यावर शब्द खर्च करत होते ना!

समारंभाला मला पहिल्या रांगेत बसवलं. खुर्ची प्लास्टिकची, पाण्याची बाटली प्लास्टिकची, आणि मागे 'प्लास्टिक टाळा' असा फलक, तोही प्लास्टिकचा. अध्यक्षांनी माझं पत्र वाचून दाखवलं, आणि इतकं मनापासून वाचलं की उपरोध औषधालाही उरला नाही. मी उठून 'अहो, ही तक्रार आहे' म्हणणार, तेवढ्यात रंगारी डोळे पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्याशी इतक्या भांडलात, पण मनातून तुम्हाला कळत होतं ते! माझ्याबद्दल आजवर कुणी चार चांगले शब्द लिहिले नव्हते." आता या माणसाला काय सांगायचं? मी "असू दे, असू दे" म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्याने दुसरा पाइप टाकला. हुरूप आला ना!

मी पुन्हा खिडकीवर गेले. या वेळी कारकुनाला तोंडीच सांगितलं, की ही तक्रार आहे, त-क्रा-र. तो म्हणाला, "आजी, सन्मानितांविरुद्ध शिफारसकर्त्याला तक्रार करता येत नाही. तुम्हीच चढवायचं आणि तुम्हीच उतरवायचं, हे कसं चालेल?" मी म्हटलं, विहीर माझी आहे. तो म्हणाला, "विहीर तुमचीच, पण रंगारीही तुमचाच." एकतीस वर्षं मी लोकांना पत्रांनी गप्प केलं, आणि याने मला दोन वाक्यांत घरी पाठवलं. परत येताना चौथ्या गल्लीत कळशी भरून घेतली, तेवढंच काय ते काम झालं.

थकले रे. भांडून थकले असते तर बरं वाटलं असतं, पण मी अभिनंदन स्वीकारून थकलेय. नातवंडांना पापा, वहिनीला गुडघा सांभाळायला सांग, आणि पत्र निदान या खेपेला शेवटपर्यंत वाच.

तुझी,
ताई

ता. क. : हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी. तक्रार तू कर. विहिरीच्या कागदावर तुझंही नाव आहे, त्यामुळे कुणी अडवणार नाही. शिवाय लग्नाआधी वहिनीला तू पाठवलेलं एकमेव पत्र मी वाचलंय. 'गुरुवारी येतो. छत्री आण.' दोन अर्थ निघणार नाहीत असं लिहिणारा आपल्या घराण्यात तूच. फक्त एवढंच लिही : रंगाऱ्याचे पाइप बंद करा, आमची विहीर खराब झाली आहे. खाली सही. नम्रपणा नको, विशेषणं नकोत, आणि 'दखल' हा शब्द तर मुळीच नको.

ता. क. दुसरं : एक गोष्ट तक्रारीत घालू नकोस, वहिनीलाही सांगू नकोस. मागच्या वर्षी मी बाहेरच्या खोलीचे आठ पडदे त्याच्याकडेच रंगवायला दिले होते. 'जास्तीचा रंग तिकडेच धुऊन काढा, माझ्या घरी एक थेंब उतरता कामा नये,' अशी तंबीही दिली होती. माणूस शब्दाचा पक्का निघाला. पडद्यांतून आजवर एक थेंबही उतरलेला नाही.