बाजूच्यानं उठून सांगायचं

मु. वडगाव, पो. ढाणकी
दि. ७ जानेवारी २००७

चि. संघदीप यास इंदूबाईचा जय भीम.

तुझी आमदारकीची कॅलेंडरं पोचली. दोन गठ्ठे. कोणी मांगितली होती? तुझ्या पीए रवीनं जीपमधून उतरवली अन् म्हणे, साहेबांनी सांगितलं, बाईच्या हातानं घरोघरी वाटा. मी म्हटलं, साहेबाले सांग, बाईचे हात रिकामे नाहीत. गठ्ठे ओसरीत पडून आहेत, वर कोंबडी बसते. नागपूरहून आल्यापासून मी रहेमानच्या बूथवरून तुले कितीदा फोन लावला. दरवेळी तुझा रवीच उचलते. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब आंघोळीले गेले. एकदा तं म्हणे साहेब झोपले, भर सकाळी, उन्हं वर आल्यावर. तू शाळेत मास्तर असताना असा झोपला असता तं मीच अंगावर पाण्याचा गडवा रिकामा केला असता. आता फोन नाही लावत. विसरलेलं अक्षर तूच परत शिकवलं, तेच कामी आणून राह्यली. चुका काढत बसू नको.

इकडे सगळं बरं आहे असं लिहावं लागते. बरं नाही. पऱ्हाटी छातीइतकी वाढली, हिरवीगार, पाहणाऱ्याले वाटावं कोणाची दृष्ट लागेल. अन् बोंडं म्हणशील तं झाडाले दोन, चार, तीही किडकी. यंदा वेचणीच्या बायाले ओटीत कापूस जड लागलाच नाही. सुग्राबीनं काल तिच्या वावरात बकऱ्या सोडल्या. मी बांधावर उभी होती तं म्हणे, "चलो इंदू, किसीका तो पेट भरा." हसून म्हणाली. तिचं हसणं पाहून मी खाली मान घालून घरी आली.

तुले माहीत आहे मी काहून खाली मान घातली. पण तू विचारत नाहीस, म्हणून मलेच लिहावं लागते. थांब, लिहिते.

तांड्यावरची भुरीबाई परवा आली. पदरात गुळवेल बांधून आणली. म्हणे, "गुर्जीले धाडून दे. उकळून घ्याची, सकाळी. नागपूरचा ताप वाईट असते, हाडात बसते." मी घेतली. काय म्हणणार होती? खिडकीत ठेवली, तिथंच सुकून राह्यली. सकाळी चूल पेटवली की समोर तीच दिसते.

तुले तुझी संध्याकाळची शाळा आठवते का? पोरं घरी गेली की आम्हा बायाले घेऊन बसायचा, त्याच सतरंजीवर. तुझा नेम होता. हजेरीत नाव पुकारलं अन् बाई नसली, तं तिच्या बाजूला बसणारीनं उठून सांगायचं, ती कुठं आहे. खरं सांगायचं. पोराईलेही तोच नेम. गुरुजी, तो कापूस वेचाले गेला. गुरुजी, तिले बाळ सांभाळायले ठेवलं. त्याची तू शिक्षा कधी केली नाही. खोटं सांगितलं तं मात्र दिवसभर दाराबाहेर. सुग्राबी एकदा माझ्यासाठी उठून म्हणाली होती, इंदूचं डोकं दुखते. मी तं घरी निजली होती नुसती. तू तिले बाहेर उभं केलं अन् मले बोलावून तिच्या बाजूले. तुझी बहीण म्हणून पाहिलं नाही. गावात त्या दिवसापासून तुझं नाव झालं.

निवडणुकीत तू दुसरं काही बोललाच नाही. पैसे नव्हते, गाडी नव्हती, नोकरीचा राजीनामा देऊन बसला होता. निशाणी पाटी मिळाली अन् तू चावडीपुढं उभा राहून म्हणाला, "मी बाकी काय करीन सांगता येत नाही. पण सभागृहात माझं नाव पुकारलं अन् मी नसलो, तं माझ्या बाजूच्याले विचारा मी कुठं होतो." बाया हसल्या. मग त्याच बाया तुझ्यासाठी पायी पायी पार पुसदच्या रस्त्यापर्यंत फिरल्या. मी पुढं, त्या मागं. इंदूबाई सांगते तं खरं असलं पाहिजे, असं लोकं म्हणत. हे वाक्य लक्षात ठेव. पुढं कामी येते.

उन्हाळ्यात मी त्याच बायाले सांगितलं, सरकीचं बियाणं माझ्या जावयाच्या, राजरत्नच्या दुकानातून घ्या. ढाणकीत दुसरी दुकानं नाहीत का? आहेत. पण जावयाची म्हणून मी सांगितलं, अन् इंदूबाई सांगते म्हणून त्याईनं घेतलं. राजरत्ननं मले सांगितलं होतं, आई, नवं बियाणं आहे, अळी लागतच नाही. पाकिटावर चित्र मोठं सुंदर, पण बिल कोणाले दिलं नाही. मी विचारलं, बिल काहून नाही? तं म्हणे, आपल्या घरच्या माणसाले बिल कायले? मले वाटलं, पोरगं मान देऊन राह्यलं. आम्ही बाया वाकून वाकून ते बियाणं टोबत गेलो, एका ओळीत, गाणी म्हणत.

पोळ्यापर्यंत सगळ्याईले समजलं होतं, बियाणं खोटं आहे. मग तू आला, वावरावावरात हिंडला, झाडं उपटून पाहिली. विधानसभेत बोगस बियाण्याचा प्रश्न लावतो म्हणाला, मंत्र्याले उत्तर द्यावंच लागेल, विकणाऱ्याचे परवाने जातील, बायाले भरपाई मिळेल. कोणाच्या दुकानाचं बियाणं, ते तू विचारलं नाही. तुले माहीत होतं. मलेही माहीत होतं. बायाले तं पहिलेच माहीत होतं. पण त्याईनं माझ्यापुढं राजरत्नचं नाव कधी काढलं नाही. तेवढी त्याईची रीत.

प्रश्नाची तारीख लागली तसे तू सभागृह पाहायचे पास धाडले. टेम्पोत बसून आम्ही नागपूरले गेलतो. भुरीबाईनं वावरातली पऱ्हाटी मुळासकट उपटून सोबत घेतली होती, फडक्यात गुंडाळून. गेटवरचा पोलीस म्हणे, झाड आत नेता येत नाही. भुरीबाई म्हणे, "झाड नाही बापा, पुरावा हाय." तो म्हणे, पुरावाही नेता येत नाही, अन् पऱ्हाटी भिंतीजवळ उभी करून ठेवली. वर जाऊन बसलो तं एक माणूस येऊन सांगून गेला, बोलायचं नाही, हात दाखवायचे नाही, पाय समोरच्या खुर्चीवर नाही. सुग्राबी हळूच म्हणे, "ये तो गुर्जी की क्लास से भी सख्त है." सगळ्या तोंडावर पदर घेऊन हसलो. मीही हसली. कशी हसली असेन, मलेच समजत नाही.

मग अध्यक्षानं तुझं नाव पुकारलं.

खालच्या सगळ्या खुर्च्याईमध्ये तुझी खुर्ची कोणती, ते मले रवीनं आधीच दाखवलं होतं. रिकामी होती. अध्यक्षानं परत पुकारलं. तुझ्या बाजूच्या खुर्चीवर एक जाडा माणूस बसला होता, तो आपला कागद चाळत राह्यला. उठला नाही. त्याले काय माहीत आपला नेम. भुरीबाईनं मले कोपर मारलं. "इंदू, ऊठ ना. तुह्या बाजूचा हाय तो. सांग कुठं गेला." ती खरंच म्हणत होती, संघदीप. चेष्टेनं नाही. तिले वाटलं, इथंही तसंच असते. मी उठली नाही. भुरीबाईच अर्धी उठली तं मागच्या माणसानं तिचा खांदा दाबून खाली बसवलं. तोवर दुसराच प्रश्न सुरू झाला, कोणत्या तरी पुलाचा.

बाहेर आल्यावर बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हटलं, त्याले ताप आहे. रात्रीपासून फणफणला आहे. कुठून सुचलं मले? पण लगेच सुचलं.

मग आम्ही आमदार निवासात आलो. तू पलंगावर बसला होता, इस्तरीचे कपडे घालून. भुरीबाई सरळ जवळ आली अन् तुझ्या कपाळाले हात लावला, आपल्या पोराले लावावा तसा. मी दारात उभी. तू माझ्याकडे पाहिलं अन् मग डोळे मिटून घेतले. भुरीबाईनं हात ठेवला, जरा वेळ ठेवला. म्हणाली, "उतरला वाटते." अन् हात पदराले पुसला.  चहा समोसे तू चांगले मागवले होते. तिनं नाही घेतले.

तरी ती गुळवेल घेऊन आली. आता तूच सांग, तिले समजलं आहे की नाही. मी रोज तेच धरून बसते. समजलं नसेल तं मी तिले फसवून राह्यली. अन् समजलं असेल, तं ती मले उठायची आणखी एक पाळी देऊन राह्यली.

इथपर्यंत लिहिलं अन् मी भाकरी थापायच्या निमित्तानं उठून गेलती. परत बसली.

हे सगळं मी तुले काहून सांगून राह्यली, जसं काही तुले माहीतच नाही. चूक तुझी आहे असं दाखवून राह्यली पहिल्या ओळीपासून. कॅलेंडरं अन् फोन अन् रवी. तू गेला नाहीस. मी तुले उठवलं.

नागपूरच्या आधल्या दिवशी माझी पोरगी दीपा माझ्या घरी येऊन रडली होती. आई, यांचा परवाना जाईल, पोलीस येतील, मामाले सांग ना. मी रहेमानच्या बूथवर गेली. तू म्हणाला, "बाई, प्रश्न लागला आहे, आता मागं घेता येत नाही." मी म्हटलं, "मग बाहेर जाऊन बस."  अन् मग मी ते बोलली. माय मेली तेव्हा तुले कडेवर घेऊन मी शाळा सोडली, चौथीत होती, अन् आजवर तुले कधी ऐकवलं नाही. लग्नात नाही, तू मास्तर झाला तेव्हा नाही, आमदार झाला तेव्हा नाही. त्या दिवशी ऐकवलं. "माझी शाळा तुझ्यासाठी सुटली, तुझं एका दिवसाचं सभागृह माझ्या पोरीसाठी सुटलं तं काय बिघडते?" हेच शब्द. रहेमान बाहेर सायकलचं पंक्चर काढत होता, त्यानं ऐकलं असेल तं ऐकलं असेल. मले त्याची लाज नाही वाटत. मले लाज वाटते की तू लगेच "बरं" म्हणाला. लहानपणी मी डोळे मोठे केले की म्हणायचा, तसंच.

शाळा सोडली ती मी राजीखुशीनं सोडली होती, बाबू. ती उधारी नव्हती की परत मागावी. आता ती तेवढी साफ राह्यली नाही.

हे एवढंच असतं तं मी गिळून बसली असती, खोटं नाही सांगत. पण गेल्या हप्त्यात मी दीपाकडे गेलती. दुकानात गल्ल्याच्या वर तुझं कॅलेंडर लावलं आहे, हात जोडलेला तू. खाली पेट्या उतरून राह्यल्या होत्या. तेच चित्र, तेच पाकीट, पुढच्या पेरणीसाठी. मी म्हटलं, राजरत्न, हे काय? तं म्हणे, "आई, घाबरू नका. मामा आपले आहेत. अन् तुम्ही बायाले एकदा सांगितलं की झालं." माझ्यापुढं म्हणाला, चहा पीत. मले वाटलं त्यानं मले गल्ल्यावर बसवली आहे, तुझ्या फोटोच्या बाजूले.

मी दीपाले आत नेऊन सांगितलं, मी गप्प बसणार नाही. तिनं माझ्यापुढचा कप उचलून धुवाले घेतला. जेवून जा म्हणाली नाही. पहिल्यांदा. मी रस्त्यानं चालत आली, टेम्पोतही बसली नाही.

म्हणून हे पत्र. आता नीट वाच.

सव्वीस जानेवारीले तू दरवर्षी आपल्या शाळेत झेंड्याले येतो. त्याच दिवशी ग्रामसभा असते. भुरीबाई, सुग्राबी, सगळ्या येणार आहेत. तू यायचं. झेंडा झाला की निघून जायचं नाही, सभेत बसायचं. त्या दिवशी नागपूरले कुठं होता ते तुझ्या तोंडानं सांगायचं, अन् प्रश्न परत लावायचा, मुंबईच्या अधिवेशनात, दुकानाच्या नावासकट. दीपाच्या घरचं काय होईल ते मी पाहीन. ती माझी पोरगी आहे, तिचं ओझं तुझ्या खुर्चीवर ठेवायची मले गरज नव्हती.

नाही येणार असशील तं तसं कळव. मग मी सभेत तुझं नाव घेईन अन् मीच उठेन. तुझ्या बाजूले मीच बसत आली. ताप नव्हता हेही सांगीन, अन् उठवलं कोणी हेही. त्यानंतर त्या मले दाराबाहेर उभं करोत, नाहीतर आणखी काही करोत.

वीस तारखेले शनिवार आहे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रहेमानच्या बूथवर तुझा फोन आला पाहिजे. रवीचा नाही. तुझा. मी तिथं बाकड्यावर बसून राहीन. दोनच शब्द सांग, येतो का नाही येत. तिसरं काही सांगू नको, अन् मी डोळे मोठे केले म्हणून "बरं" म्हणू नको.

गुळवेल या पत्राबरोबर धाडून राह्यली. उकळून घे. तिनं तुझ्यासाठीच आणली होती.

तुझ्या बाजूले बसणारी,
बाई