हरलेल्या बाजूचं भाषण

अहो गुरुजी,

अख्खं मुखेड तुम्हाला गुरुजी म्हणायचं, म्हणून मीबी म्हणायची. तुम्ही गेल्यावर कधी चार ओळी लिहिल्या न्हाईत. काय लिहायचं, गहू निवडले अन् कुकर लावला? आज लिहून राहिले, कारण हे भांडण दुसऱ्या कुणाशी करता येत न्हाई. आपली शिवकन्या परत येत न्हाई म्हणती.

तुम्हीच तिला डॉक्टरकी शिकायला परदेशी पाठवलं. लहानसा देश हाय, शांत हाय, म्हणालात. त्या शांत देशात शेजारच्या मोठ्या देशाची फौज शिरली, गुरुजी. रस्त्यावरून रणगाडे फिरून राहिलेत. आपल्याकडच्या पोरांना सरहद्दीवर न्यायला आज शेवटची बस होती. तिच्या वर्गातला अर्धापूरचा पोरगा बसला. ही न्हाई बसली. दवाखान्याच्या तळघरात जखमी पडलेत, त्यांना टाकून कशी येऊ, म्हणती.

हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं? तुम्ही.

ती नववीत होती, आठवतं का? नांदेडला वादविवाद स्पर्धा होती. लहान देशावर मोठी फौज चालून आली तर लढावं की झुकावं, असा विषय. लढायची बाजू शिवकन्येला आली, झुकायची शेजारच्या मीराला. दोघींची भाषणं तुम्हीच लिहून दिली. पोरी ओसरीत घोकायच्या, तुम्ही घड्याळ घेऊन बसायचे, अन् वेळ संपली की वाटीवर चमचा वाजवायचे. मी आत भाकरी थापायची. ऐकून ऐकून मला दोन्ही पाठ झाली.

"एकदा झुकलात की किती झुकायचं हे समोरचा ठरवतो. आज तो ओसरी मागेल, उद्या चूल." हे आपल्या पोरीचं. काय टाळ्या पडल्या! ढाल घेऊन घरी आली, अन् तुमचे पाय आठवडाभर जमिनीला लागले न्हाईत.

मला मीराचं जास्त पटायचं. "देश म्हणजे माती नव्हे, माणसं. ज्वारीचं ताट वाऱ्यात वाकलं म्हणून ते मेलं असं आपण म्हणतो का? माणसं जगली तर देश उद्या परत मिळवता येईल. मेलेली माणसं कुठून मिळवणार?" मीरा हरली. एसटीत घरापर्यंत रडत आली बिचारी. आज ती लातूरला नांदून राहिली, दोन लेकरं हायत तिला.

तुमचं स्वतःचं म्हणणं काय, असं मी तेव्हाच विचारलं होतं. "परीक्षक म्हणतील ते," म्हणून हसलात. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती का ती? मला लई राग आलाय तुमचा.

काल तिचा फोन लागला, तवाच येत न्हाई म्हणाली. रडून काय होणार न्हाई, म्हणून मी मीराचं भाषण सुरू केलं. अध्यक्ष महोदय तेवढं सोडलं. ज्वारीच्या ताटापर्यंत आले. तशी ती म्हणाली, "आई, एक शब्दबी विसरली न्हाईस गं." मला वाटलं, आता येती पोरगी.

"इथं काही लोक लढून राहिलेत, काही लेकरं घेऊन निघून चाललेत," ती म्हणाली. "मी कुणालाच चूक म्हणू शकत न्हाई. पण आई, अण्णांनी दोन्ही भाषणं लिहिली, अन् जखमींना पट्टी कुणी बांधायची, ते एकातबी लिहिलं न्हाई."

पुढचं सगळं पाठ होतं मला, पण भाषण तिथंच सोडलं. "बसमध्ये बस, मग बोलू," एवढंच म्हणाले. "बघते," म्हणाली, अन् फोन कटला. आज दुपारी अर्धापूरच्या पोराचा सरहद्दीवरून फोन आला. तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती म्हणे त्यानं. तवापासून हिचा फोन लागंना.

भाकरी तशीच झाकून ठेवली, गुरुजी. तुमच्या फोटोपुढं दिवा लावायलाबी मन होईना. देशानं कसं वागावं ते ठरवणारे ठरवतील. माझं एकुलतं एक लेकरू त्या तळघरात हाय. ते ऐकत न्हाई, अन् ते चुकतंय असंबी मला म्हणता येईना. हेच सोसंना झालंय.

तुम्हाला शब्द देते. फोन लागला की मी भाषण पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणीन. उद्याबी म्हणीन, परवाबी म्हणीन, ती दारात उभी राहीस्तोवर म्हणीन. तुम्ही फक्त एवढं करा, वेळ संपली म्हणून तिथून वाटी वाजवू नका.

तुमचीच,
शिवकन्येची आई