मुद्दलात किती गेलं

माय,

परवा आपल्या घरात एक आरसा आला आणि तेव्हापासून तू सारखी आठवून राहिलीस. माणूसभर उंचीचा आरसा, सागवानी चौकटीचा, खाली दोन खण असलेला. तो मी आणला नाही, तुझ्या सुनेनं आणला. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस आणि मग दोनेक वर्षांनी आमचं लग्न झालं. म्हणून ती कशी आहे हे आधी सांगतो, नाही तर एका आरशानं माणूस एवढा का गोंधळावा ते तुला कळायचं नाही. ती हरभरे भिजत घालायला विसरली तर त्या दिवशी उसळ करतच नाही, न भिजलेल्या हरभऱ्यांना गॅस जास्त लागतो म्हणून. भाजी घ्यायला बाजार उठायच्या वेळी जाते. वर्षाचे गहू, तुरीची डाळ, मिरची, सगळं हंगामात भरून ठेवते. तेलाचा डबा शेजारणीच्या भागीत घेते आणि मापानं अर्धा वाटून घेते. अशी बाई बँकेत कर्जाचे पैसे भरायला गेली आणि आरसा घेऊन घरी आली.

कर्ज घराचं आहे. मेहकरला जानेफळ रोडवर एका ले-आउटमध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं मोटरसायकल उभी राहील एवढी जागा, असं आपलं घर आहे. मी बस आगाराच्या वर्कशॉपात ब्रेकची कामं करतो, ती घरी लहान पोरांच्या शिकवण्या घेते. घर घेऊन नऊ वर्षं झाली, कर्जाची मुदत वीस वर्षांची. पहिलं वर्ष संपलं तेव्हा मी मोठ्या खुशीत बँकेतून कर्जाचा उतारा काढून आणला होता. मला वाटलं होतं, बारा हप्ते भरले म्हणजे कर्जाचा एक चांगला लचका तुटला असेल. पाहतो तर मुद्दल होतं तिथंच. भरलेल्यातलं बहुतेक सगळं व्याजात गेलेलं. मी परत बँकेत गेलो, म्हटलं काही तरी चुकलंय. तिथं तरुण मुलगी बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "काका, सुरुवातीला असंच असतं. मधूनमधून जास्तीचे भरत चला, ते सरळ मुद्दलात जातात." मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, आणि तुझ्या सुनेनं ते धरून ठेवलं. गेली आठ वर्षं आमचं घर त्या एका वाक्यावर चालतंय.

संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी ती स्वयंपाकघरात खाली बसते. मी शेजारी लसूण निवडत नाही तर शेंगा सोलत बसतो. मी दिवसाचा खर्च सांगतो, ती मोबाइलमध्ये घालते. दूध, पेट्रोल, पोरीची रिक्षा, कोणाच्या लग्नाचा आहेर. महिना संपला की उरलेलं वेगळं काढते. तुझी नात आता अकरावीला आहे. मागे एकदा तिची मैत्रीण अभ्यासाला आली होती, जेवायची वेळ झाली, तर पोरीनं "थांब ना जेवायले" म्हणायच्या आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई हो म्हणाली, मैत्रीण जेवून गेली, सगळं नीट झालं. पण ते पाहणं मी पाहिलं, माय, आणि मला तू आठवलीस.

तू असं काही कधी केलं नाहीस. साखरखेर्ड्याला आपली पिठाची गिरणी होती. सकाळी बाबा बसायचे, दुपारी ते जेवून आडवे झाले की तू बसायचीस. दुपारचा गल्ला नेहमी कमी निघायचा. कोणाचं दळण तू तसंच दिलेलं असायचं, कोणाला उद्या दे म्हटलेलं असायचं. आणि दर गुरुवारी मोपेडवर तो भांडेवाला यायचा, मागं पोत्यात स्टीलची भांडी खडखडवत. हप्त्यानं भांडी देणारा. बारा ताटं आणि बारा वाट्या तू त्याच्याकडूनच घेतल्यास. बाबा गिरणीतून आले, अंगावर पीठ तसंच, आणि ओट्यावर मांडलेली ती चकचकीत ताटं पाहत उभे राहिले.

"आपण घरात तीन जण," ते म्हणाले. "बारा ताटं काऊन घेतली वो?"

"लोकं येतीन."

"कोनते लोकं?"

"येतीन ना," तू म्हणालीस आणि ताटं पुसायला लागलीस.

लोक यायचे हे खरं आहे. लाइट गेली की गिरणी बंद पडायची, आणि खेड्यावरून दळण घेऊन आलेली माणसं आपल्या ओट्यावर बसून राहायची. तू त्यांना चहा द्यायचीस, उशीर झाला तर जेवायला वाढायचीस. एकदा असाच एक म्हातारा बसला होता. तू आतून म्हणालीस, चहा टाकते. मी तेव्हा असेन दहा-अकरा वर्षांचा, बाबांचं ऐकून ऐकून शहाणा झालेला. मी मोठ्यानं म्हणालो, "माय, दूध रातच्यापुरतंच हाय." म्हातारा उठला, नको नको म्हणत बाहेर जाऊन झाडाखाली बसला. तू मला मारलं नाहीस. दंडाला धरून आत नेलंस आणि म्हणालीस, "बसलेल्या मान्सासमोर दूध मोजू नोको बे. मोजाचंच असन तं तो गेल्यावर मोज." मग चहा घेऊन तू स्वतः झाडाखाली गेलीस.

इथवर आठवलं की वाटतं तू बरोबर होतीस. पण मग दुसरा दिवस आठवतो. मला आयटीआयला नंबर लागला होता, बुलढाण्याला राहायचं होतं, फी आणि खोलीचं भाडं एकदम भरायचं होतं. घरात तेवढे पैसे नव्हते. त्याच महिन्यात तू पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला होतास, आणि जुने हप्तेही चालूच होते. बाबा मला घेऊन चिखलीला मोठ्या काकांकडे गेले. काकांनी पैसे दिले, पण द्यायच्या आधी काकूंसमोर, माझ्यासमोर म्हणाले, "दोन पैसे घरात टिकत नाहीत, बाई सांभाळता येत नाही तुला." बाबांनी खाली पाहून ऐकून घेतलं. परतताना बसमध्ये त्यांनी मला फुटाणे घेऊन दिले. घरी आलो तर तू गरम भाकर वाढत विचारलंस, "भेटले ना पैसे?" जणू शेजारून साखर मागून आणली होती. मी त्या रात्री तुझ्याशी बोललो नाही. मनात ठरवलं, आपलं घर झालं तर तिथं हप्त्याचा माणूस दारात येणार नाही. आता माझा हप्ता बँक आपोआप कापून घेते, दारात कोणी येत नाही, आणि लोक म्हणतात पोरानं घर केलं, संसाराला लागला. तू हप्त्यानं ताटं घेतलीस तर ती उधळपट्टी झाली. यातला फरक मला पूर्वी स्पष्ट दिसायचा. हल्ली दिसत नाही.

तुला आणखी एक गोष्ट माहीत नाही. तुझी तेरवी झाली आणि नंतरच्या गुरुवारी तो भांडेवाला आला. मधले गुरुवार त्याचे चुकले होते, त्याला काही माहीत नव्हतं. ऐकून तो ओट्यावर बसला, डोक्यावरची टोपी काढली, आणि खाली मान घालून म्हणाला, "बाईचे थोडे हप्ते राह्यले होते, पन जाऊ द्या." बाबांनी जाऊ दिलं नाही. आत जाऊन पैसे आणले, सगळे एकदम देऊन टाकले. मला वाटलं, संपलं एकदाचं. तो मोपेडला किक मारत होता, तर बाबा म्हणाले, "थांब. ते लहान कढई दाखव."

त्यांनी ती कढई घेतली. हप्त्यानं. हातात पैसे असताना फक्त पहिला हप्ता दिला. मी म्हणालो, "बाबा, रोख देऊन टाका ना, कितीशी हाय ते." ते म्हणाले, "राहू दे. येईन तो पुढच्या गुरुवारी." कढई फिटली की तांब्या घेतला, मग चाळणी, मग झाकणाचा डबा. बाबा गेले तेव्हा फळीवर कागदातून न काढलेली भांडी होती. जन्मभर ज्यावरून त्यांनी तुझ्याशी भांडण केलं तेच ते करत राहिले. तेव्हा मला राग यायचा, वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही. आज राग येत नाही, पण कळलंय असंही म्हणवत नाही.

आता आरशाचं. जास्तीचे पैसे भरायचे म्हणून आम्ही बँकेत आवर्ती ठेव लावली होती. ती पिकली, दीड लाख आले. ते सगळे कर्जात टाकायचे हे केव्हाचं ठरलेलं. माझी ड्यूटी होती, म्हणून ती एकटी गेली. मी पाचला घरी आलो तर दारात टेम्पो उभा, आणि दोन माणसं आरसा उतरवत होती.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"आपलं."

"काऊन?"

तो शब्द तोंडातून निघाला आणि मी दचकलो. आवाज अगदी बाबांचा होता. तिनं माणसांना आरसा कुठं ठेवायचा ते दाखवलं, त्यांना चहा दिला, भाडं दिलं. ते गेल्यावर पलंगाच्या काठावर बसली आणि सांगायला लागली.

"बँकेत गर्दी होती. टोकन घेतलं, नंबराले टाइम होता म्हनून बाहीर आली. समोर फर्निचरचं दुकान हाय. तिथून एक बाई माह्याकडं येऊन राह्यली. थकल्यावानी, पदर खोचलेला, चप्पल झिजलेली. मी तिले वाट द्याले बाजूले सरकली, तं तेबी सरकली. आपल्या घरात तुमचा दाढीचाच आरसा हाय. त्याच्यात तोंड दिसते. बाकीची मी किती वर्सात पाह्यलीच नाई."

"मंग?"

"मंग घेतला. अठरा हजारले. बाकीचे खात्यातच हायत, नंबर निघून गेला माहा."

मी म्हणालो, "पाच हजारात भेटते आरसा."

"हाव, भेटते," ती म्हणाली. "मले माहीत नाई काय?"

तेवढ्यात पोरगी कॉलेजातून आली. आरशासमोर उभी राहिली, वळून वळून पाहिलं, आणि आईला हाताला धरून ओढलं. दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. पोर आईपेक्षा उंच झाली आहे हे मला तिथं कळलं, दारातून. तुझी सून स्वतःकडे पाहत होती, हसत नव्हती, नाराजही दिसत नव्हती. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही तेव्हा आपण त्याच्याकडे जसं पाहतो, तसं पाहत होती.

माझा पहिला विचार काय आला सांगू? अठरा हजार म्हणजे जवळपास दीड हप्ता. दुसरा विचार काही आलाच नाही. राग आला का म्हणून मी मनात शोधलं, सापडला नाही. आनंद झाला म्हणावं तर तोही नाही. तू दुसऱ्यांसाठी घ्यायचीस आणि हिनं स्वतःसाठी घेतला, असं म्हणून मी दोघींना वेगळं करून पाहिलं. पण तू ती ताटं खरंच लोकांसाठीच घेतलीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा तू लोकं येतीन एवढंच म्हणालीस, आणि त्यांना दुसरं काय सांगणार होतीस? गुरुवारी ती मोपेड वाजली की तू पदर नीट करून बाहेर यायचीस, हे मला आता आठवतंय. एक एक भांडं हातात घेऊन उजेडात फिरवायचीस. दिवसभर पिठात बसणाऱ्या बाईला ते चकचकीत बरं वाटत असेल. की मी हे आता, आरसा पाहून, तुझ्यावर लादतोय? मला ठरवता येत नाही.

काल ती म्हणाली, "उद्या जाऊन उरलेले भरून येऊ का? दोन-अडीच वर्सं कमी होतीन." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात पाहू. तिला वाटतं मी आरशावरून नाराज आहे. तसं नाही. आमच्या वर्कशॉपातल्या एकानं मागच्या महिन्यात त्याचं घराचं कर्ज फेडून टाकलं. सगळ्यांना पेढे वाटले, आम्हाला घरी चहाला बोलावलं. मी त्याला सहज विचारलं, आता संध्याकाळी काय करता? तो म्हणाला, काही नाही, टीव्ही पाहतो. त्याची बायको आतल्या खोलीत मोबाइल पाहत होती. चहा पोरानं आणून दिला. घर छान होतं, फरशी नवी बसवलेली. आम्ही मोटरसायकलवरून परत आलो, आणि वाटेत तुझी सून मागून म्हणाली, "आपलंबी होईन असंच." ती खूश होती. मी हो म्हणालो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि घरात कोणी वाचावं असं वाटत नाही, म्हणून ते इथंच राहील. पण एक तुला सांगतो, तिला सांगितलेलं नाही. काल खर्च मांडताना मी पेट्रोलचे पैसे मुद्दाम चुकीचे सांगितले. बेरीज जुळेना. ती पुन्हा पहिल्यापासून विचारत गेली, मी आठवल्यासारखं करत सांगत गेलो, आणि भाकरीला उशीर होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.