उन्हाळा का होतो?

४ फेब्रुवारी
पुन्हा नवं शिक्षण धोरण! मी नोकरीला लागलो तेव्हा पाठांतर होतं. मग आनंद आला, मग कौशल्यं आली. आनंदाच्या काळात पुठ्ठ्यावर कापसाचे ढग चिकटवून मी आदर्श शिक्षकसुद्धा झालो. आता म्हणे ज्ञान परत आलंय. तपासणीचे साहेब येऊन थेट मुलांना प्रश्न विचारणार, आणि मुलांना आलं नाही तर मास्तरांचीच लेखी परीक्षा. मोठ्या बाईंनी हे हसत हसत सांगितलं. त्यांना काय, त्यांचा विषय संगीत.
मी घाबरलेलो नाही. जेवण मात्र गेलं नाही.

५ फेब्रुवारी
निश्चय: रोज पहाटे उठून विज्ञानाचं पुस्तक वाचणे. बायको म्हणाली, लग्नानंतर तुमच्या हातात पहिल्यांदाच पुस्तक बघतेय. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी
पहाटे जाग येत नाही. आज स्टाफरूममध्ये वाचलं. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं मी जन्मभर शिकवत आलो. पुस्तकात लिहिलंय, पृथ्वी कललेली आहे म्हणून. छपाईची चूक असणार.

१० फेब्रुवारी
छपाईची चूक नाही. पण माझ्या वेळी सिलॅबसच वेगळा होता. तेव्हा पृथ्वी सरळही असेल.

११ फेब्रुवारी
नेहमी असंच शिकवतो अशा थाटात वर्गाला पृथ्वी कलवून दाखवली. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला लगेच समजलं. मग तिने मला समजावून सांगितलं. आता येऊ देत कोणीही!

१६ फेब्रुवारी
साहेब आले. माझेच जुने विद्यार्थी निघाले! जिवात जीव आला. त्यांनी विचारलं, उन्हाळा का होतो? चष्मेवालीने खणखणीत उत्तर दिलं. साहेब म्हणाले, चूक, सूर्य जवळ येतो, आम्हाला सरांनीच शिकवलंय. ती म्हणाली, मलाही सरांनीच शिकवलंय.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांसमोर लेखी परीक्षा नाचायला लागली.
मी म्हणालो, साहेबांचं बरोबर आहे.
ती खाली बसली. साहेबांनी शेरा दिला: शिक्षक उत्तम, विद्यार्थी कच्चे. एका मुलीपायी सरांची परीक्षा कसली घ्यायची, असंही म्हणाले. सुटलो!

१७ फेब्रुवारी
निश्चय: चष्मेवालीला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन खरं काय ते सांगणे.
त्याआधी तीच भर वर्गात उभी राहिली. वही उघडून विचारलं, सर, दोन्हींतलं कुठलं उत्तर खोडू? मी घड्याळाकडे बघितलं.
घंटा झाली, म्हणालो आणि बाहेर पडलो. झाली नव्हती.