मेंढ्यांचे कान

बाबा, तुम्हाला लिहायला बसलो ते एका कुत्र्यामुळे. सुनेनं आणलेलं आहे, तांबडं-पांढरं, आखूड पायांचं, आणि घरात कुत्रं नको म्हणून सगळ्यात मोठा आरडाओरडा मीच केला होता. आता ते दिवसभर माझ्या खुर्चीला टेकून पडलेलं असतं. घरचे हसतात, म्हाताऱ्याला लळा लागला म्हणतात. मी हसण्यावारी नेतो. लळा थोडा लागलाच आहे, पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगितल्याबरोबर समजेल असा माणूस तुमच्याशिवाय मला दुसरा आठवत नाही. त्यासाठी आधी त्या हिवाळ्याकडे जावं लागेल, काका मेटॅडोर घेऊन आपल्या मेंढ्या न्यायला आला होता त्या हिवाळ्याकडे.

तुमचा जन्म मिलच्या विणाई खात्यात गेला. मागांच्या खडखडाटातून तुम्ही बाहेर पडलात तेव्हा कान तिथेच राहिले होते. हे घरात कोणी बोलायचं नाही, तुम्ही तर नाहीच. कोणी काही विचारलं की तुम्ही थोडं थांबून, विचार केल्यासारखं करून, "पाहू मंग" म्हणायचे. बहुतेक प्रश्नांना ते उत्तर चालून जायचं. आजोबांच्या कळपातल्या उरल्यासुरल्या मेंढ्या इतकी वर्षं आईनं राखल्या होत्या. तिचे गुडघे धरले आणि तुम्ही मिलमधून मोकळे झालात, म्हणून काठी तुमच्या हाती आली. नागपुरात धरमपेठ मागे टाकून फुटाळ्याकडे निघालं की आपली वस्ती होती. घरामागे काट्यांचं कुंपण घातलेला कोठा, कोपऱ्यात चाऱ्यासाठी तुरीच्या कुटाराचा ढीग, छपराखाली बाभळीच्या शेंगांची पोती. मेंढ्या व्यायला लागल्या की त्या कोठ्याला एक उबदार, आंबूस वास यायचा. दुकानात रेडिओ उघडून बसलो असलो तरी तो माझ्या शर्टाला असायचा.

मी तेव्हा सदरमध्ये एका शेठच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचो. लग्नाचं वय झालेलं, खिसा हलका, पण कान तिखट. गिऱ्हाइकानं रेडिओ लावून दाखवला की पेचकस हातात घ्यायच्या आधीच नुसत्या खरखरीवरून मी बिघाड सांगायचो. शेठ गिऱ्हाइकांना म्हणायचा, "इसके कान में मीटर लगा है." त्या मीटरवर पुढे मी स्वतःचं दुकान उभं केलं, घर बांधलं. पण त्याचा पहिला उपयोग तुमच्या कोठ्यात झाला. कोणती मेंढी कळा देऊन राहिली, कोणतं कोकरू भुकेलं आहे, कोणतं नुसतंच लाडानं ओरडतं, हे मला घरातल्या खाटेवरून कळायचं. मी उठून कोठ्यात आलो की तुम्ही माझ्यामागे यायचे, जणू तुम्हीच निघाला होतात.

आदल्या हिवाळ्यात तुमच्या मागच्या बाजूला एक मेंढी व्याली आणि वस्तीतल्या कुत्र्यांनी कोकरू नेलं. तुमची पाठ तिकडे होती. आईनं तो धसका घेतला होताच, पण तिची खरी भीती रस्त्याची होती. मेंढ्या पलीकडच्या पडीक जमिनीवर न्यायच्या तर ट्रकचा रस्ता ओलांडावा लागायचा. एके दिवशी ड्रायव्हरनं गाडी थांबवून तुम्हाला शिव्या दिल्या आणि तुम्ही त्याला हात उंचावून रामराम केला, हे शेजारणीनं आईला सांगितलं. शेजारीण हसत होती. आई हसली नाही. तिनं काकाला निरोप धाडला.

काका म्हणजे तुमचा धाकटा भाऊ, भिवापूरकडचा. मिरची विकायला नागपूरला आला आणि रिकामी मेटॅडोर आपल्या दारात उभी केली. चहाची कपबशी हातात घेऊन तो सरळ मुद्द्यावर आला. "दादा, मेंढ्या माह्यासंगं द्या. माह्या कळपात राहतीन. तुमी आता आराम करा."

तुम्ही त्याचे ओठ पाहत होतात. मिशा दाट असल्यानं फार काही हाती लागलं नसावं. "पाहू मंग," तुम्ही म्हणालात.

"पाहू नाई, दादा. तुमाले ऐकू येत नाई."

हे तुम्हाला बरोबर कळलं. "कोन म्हनते?" असं म्हणून तुम्ही आईकडे पाहिलं, आणि आई चुलीत फुंकर घालायला लागली. "मले सारं ऐकू येते. एकही कोकरू गेलं ह्या हिवाळ्यात, तर साऱ्या मेंढ्या घेऊन जाय. माह्या हातानं गाडीत चढवून देईन."

काका तसा दिलदार माणूस, पण सौद्यात पक्का. तो राहिला. गाडी दारातच उभी. आणि मग त्यानं तुमची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तुमच्या पाठीमागे उभा राहून म्हणायचा, "दादा, चहा झाला." मी समोर असायचो. मी कान खाजवला म्हणजे कोणी बोललं, नाक खाजवलं म्हणजे चहा, हे न बोलताच आपल्यात ठरून गेलं होतं. तुम्ही न वळता म्हणायचे, "ठेव तिथंच." काकाची फजिती पाहून मला आतून उकळ्या फुटायच्या. एकदा त्यानं मागून मेंढ्याचा भाव विचारला आणि माझ्याकडे भावाची खूणच नव्हती, तेव्हा मी इतकं काही खाजवलं की आई म्हणाली, "काहून गा, अंगावर उवा झाल्या का तुह्या?" हसण्याचा विषय होता तो, बाबा, पण कोठ्यात शिरताना तुमचा हात मेंढीच्या पाठीवरून ज्या तऱ्हेनं फिरायचा ते मी पाहत होतो. मिल गेली होती, कान गेले होते. मेंढ्या गेल्या असत्या तर सकाळी उठून तुम्ही कुठे गेला असतात?

मग तो सुट्टीचा दिवस. ऊन कोवळं आहे, तलावाकडून गार वारा येऊन राहिला आहे. तुम्ही दगडावर बसला आहात, समोर मेंढ्या चरतात, मी आणि काका थोडे मागे. कळपातली पहिलारू मेंढी, पहिल्यांदाच विणार होती ती, दिसत नाही हे माझ्या ध्यानात आलं, आणि त्याच वेळी तो आवाज आला. नाल्याकाठच्या बेशरमाच्या झाडीतून, अगदी बारीक, दात आवळून कण्हल्यासारखा. मी ताडकन उठलो. काकानं माझं मनगट धरलं.

"चूप बस," तो म्हणाला. "मलेही ऐकू आलं. आता दादाले ऐकू येते का ते पाहू दे."

"काका, पहिलारू हाये ते. अडली असंन."

"म्हनूनच. तू दरवेळी राहशीन का इथं? थोडा दम धर. नाई उठले तर मीच धावतो, मंग मेंढ्या माह्या."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती, तेच वाईट होतं. तुमची पाठ आमच्याकडे. खाजवून काय उपयोग? मी तुमच्या मानेकडे पाहत उभा राहिलो. तुम्ही नाल्याकडे पाहतही नव्हतात. समोरच्या मेंढ्यांकडे पाहत होतात. पुन्हा तो आवाज आला. आणि तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठलात, काठी तिथंच टाकली आणि सरळ, एकदाही इकडेतिकडे न बघता, बेशरमाच्या झाडीत शिरलात.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही खिशातल्या बाटलीतलं जवसाचं तेल हाताला चोळत होतात. कोकराचं तोंड आणि एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला. कळ ओसरेपर्यंत तुम्ही थांबलात, मग डोकं हळूच मागे लोटून आतला पाय शोधलात. त्या वेळी तुमचे डोळे मिटलेले होते. मेंढी मान टाकून पडलेली. मग पाय मोकळा झाला आणि कोकरू सुळकन गवतावर आलं, निपचित. तुम्ही त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, गवताच्या काडीनं नाकात गुदगुली केली, धोतराच्या सोग्यानं खसाखसा पुसलं. ते शिंकलं. मेंढी मान वळवून त्याला चाटायला लागली आणि घशातल्या घशात बोलायला लागली. तो आवाज तुम्हाला ऐकू येत नव्हता, पण तिच्या गळ्यावर तुम्ही दोन बोटं ठेवली होती.

काका वाकून म्हणाला, "दादा, तुमाले खरंच ऐकू आलं?"

तुम्ही वर पाहिलंत, तोंडभर हसलात. "मादी हाये," म्हणालात.

काका माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मग तो इतका हसला की डोळे पुसायची पाळी आली, आणि नंतरही तो बराच वेळ डोळे पुसतच होता. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा उपरणं झटकत तो म्हणाला, "वहिनी, दादाले चांगलं ऐकू येते. माह्यापेक्षा जास्त." आणि जाताना मला गाडीपाशी बोलावून दम दिला, "रोज दुकानात जायच्या आधी रस्ता तू पार करून द्यायचा. संध्याकाळी तूच. समजलं?" मेटॅडोर रिकामी गेली. रस्ता मी पार करून देत राहिलो, तुम्ही होतात तोवर. तुम्ही दर वेळी म्हणायचे, मले काय कळत नाई का, आणि दर वेळी माझी वाट पाहत थांबलेले असायचे.

त्या संध्याकाळी कोठ्यात कुटार टाकताना मी तुमच्यासमोर येऊन, ओठ मोठे करून विचारलं, "बाबा, कसं समजलं?"

"त्याइचे कान पाह्यले," तुम्ही म्हणालात. "साऱ्याइनं चरनं सोडलं, साऱ्याइचे कान नाल्याकडे. मेंढीचे कान खोटं बोलत नाई." मग कुटार झटकत म्हणालात, "तुह्याही कानाकडे पाह्यतो मी. तुले काई ऐकू आलं का तुह्या भुवया वर जातात. ते खाजवनं बंद कर आता. माकडावानी दिसते."

म्हणजे मी तुमचे कान झालो होतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते माझ्या खाजवण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

आज दुपारी कुत्र्यानं मान उचलली, दोन्ही कान दाराकडे. मी म्हटलं, "अगं, दार उघड, कोणी आलंय." बायको उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की दारात कोणी नव्हतं, बहुधा मांजर असावं. ती माझ्या अगदी समोर आली आणि सावकाश म्हणाली, "आलं होतं कोणीतरी. गेलं वाटतं." काका आठवला, बाबा.

ज्या माणसानं जन्मभर लोकांना आवाज विकला, त्यानं गुपचूप सदरला जाऊन कानाचं मशीन आणलं आहे. टेबलाच्या खालच्या खणात ते डबीत पडून आहे, अजून एकदाही लावलेलं नाही. हे पत्रही तिथंच ठेवतो. घरचे म्हणतात, तो खण उघडताना फार करकरतो, तेल घाला. मी "पाहू मंग" म्हणतो. मला तो करकरताना कधी ऐकूच आला नाही.