तेरा नंबरचा आवाज

शनिवार, २३ मे

माझं आयुष्य बदललं ते गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी सव्वासातला, अरिमा गावाच्या मॅक्सी टॅक्सींच्या स्टँडवर. मार्सेलने तिच्या डबल्समधला, छोले भरलेल्या पुरीचा, शेवटचा घास माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, जास्त मिरची खाणारा माणूस मला आवडतो. बस्स. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी आणखी मिरची मागितली. सोमवारी कॉलेजात गेलोच नाही. दोन वर्षांचं इंजिनिअरिंग तिथेच सुटलं. बाबा म्हणाले, घराबाहेर हो. मी म्हणालो, झालोच समजा.

आज डोंगरातल्या ब्रासो सेको गावात राहायला आलो. मार्सेल दर रविवारी ज्या मंडळींबरोबर डोंगरात येते, त्यांच्यात मला काम मिळालंय. म्होरक्या म्हातारा प्लासिद. राहायला त्याच्या बहिणीची, उर्सुलाची, मागची खोली; तिला सगळे टांटी, म्हणजे मावशी, म्हणतात. खिडकीबाहेर कोकोची झाडं, खाली नदी. टांटीने आल्या आल्या कोकोचा चहा पुढे केला आणि विचारलं, पोरीपायी आलास की पोटापायी? डोंगरापायी म्हणालो, तर बाई इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला.

रविवार, २४ मे

माझं काम शेवटच्या माणसाचं. सगळ्यांत पुढे प्लासिद, मध्ये बारा जण, मागे मी, चौदा नंबर. रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही. रान नाव पाठ करतं म्हणे. म्हणून नंबर. प्रत्येक धबधब्यापाशी आणि नदी ओलांडल्यावर प्लासिद मान न वळवता ‘एक’ म्हणतो आणि आकडे एकेका तोंडातून मागे येत माझ्यापर्यंत पोचतात. वाट एवढी चिंचोळी की वळून बघितलं तरी दोन माणसांपलीकडे काही दिसत नाही. माझं ‘चौदा’ ऐकलं की म्हातारा चालू लागतो. नियम त्याने मला तीनदा सांगितला. ज्याचा नंबर त्याच्याच तोंडून. एखादा पायातला काटा काढत असो नाहीतर तोंडात पेलाव भात कोंबून बसलेला असो, तो स्वतः बोलेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.

तीन धबधबे झाले. पहिला आंघोळीचा. दुसऱ्याच्या डाव्या हाताला मोठ्या कातळाआड एक डोह आहे, माहीत असल्याशिवाय दिसत नाही. तिसरा इतका उंच की खाली पोचेपर्यंत पाण्याचं धुकं होतं. मार्सेल सात नंबरला होती. तिथे ती मागे वळून माझ्याकडे बघून हसली. माझ्याकडेच.

एक कटकट आहे. दारियन, अरिमातल्या औषधाच्या दुकानातला. मला ‘इंजिनिअर साहेब’ म्हणतो. आज सगळ्यांसमोर विचारलं, मागून चालायचा कोर्स किती वर्षांचा असतो हो? मार्सेलही हसली. डोकं असं तापलं! मग परतताना मॅक्सीत मी त्याचा जाड, नाकातला आवाज हुबेहूब काढून दाखवला. तेव्हा ती त्याहून जास्त हसली, अगदी पोट धरून.

रविवार, ७ जून

खरं लिहितो. निदान इथे तरी.

आज दारियन तेरा नंबर होता, माझ्या लगेच पुढे. दुसऱ्या धबधब्यापाशी त्याने खिशातून अंगठी काढून दाखवली. तिसऱ्या धबधब्याखाली मार्सेलला विचारणार म्हणाला. त्या डोहाकडे बालिझियेची लाल फुलं आहेत, दोन मिनिटांत घेऊन येतो, तोवर मोजणी धरून ठेव. मित्रासारखं बोलला. मेल्याने पहिल्यांदाच ‘साहेब’ लावलं नाही.

तो कातळाआड गेला आणि मोजणी आली. अकरा. बारा. मग शांतता. माझी कानशिलं तापली होती. मी त्याच्या आवाजात ‘तेरा’ म्हणालो. मग माझ्या आवाजात ‘चौदा’. रांग हलली.

एवढंच हवं होतं की त्याने चिखलात धडपडत मागून यावं आणि तिसऱ्या धबधब्याखाली त्याला विचारताच येऊ नये. दहा मिनिटं. त्याहून जास्त नाही, देवाशपथ.

आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वरच्या डोंगरात पाऊस कोसळला असणार. पाणी बघता बघता गढूळ झालं. प्लासिद ओरडला, नदी येतेय, पळा! तिसरा राहिलाच. खाली नदी ओलांडून चिंचोळ्या वाटेवर रांगेतच धापा टाकत उभे राहिलो आणि त्याने पुन्हा मोजायला घेतलं. दारियन आलेला नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. पण मग आधीचं ‘तेरा’ कुणी म्हटलं, हेही सांगावं लागलं असतं, आणि मार्सेल मागे वळून बघत होती.

मी ‘तेरा’ म्हणालो.

मॅक्सीपाशी प्लासिदने तोंडं मोजली, त्यात दारियनचं नव्हतं. मग सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की दारियन नदीच्या अलीकडे आला होता, ‘तेरा’ आम्ही कानांनी ऐकलं. म्हणजे तो त्यानंतर हरवला. म्हणजे शोधायचं ते खाली.

मीही मान डोलावली.

सोमवार, ८ जून

गावातली साठेक माणसं आणि पोलीस. सगळे खाली, तिसऱ्या धबधब्याच्याही खाली. मीही त्यांच्यातच, काठीने झुडपं बडवत. मार्सेलने विचारलं, शेवटी बोलला तेव्हा आवाज कसा होता, घाबरलेला होता का? नाही म्हणालो. तिने माझा हात धरला. म्हणाली, बरं झालं तू त्याच्याजवळ होतास. याच हातासाठी कॉलेज सोडलं होतं मी. सोडवतही नव्हता आणि धरवतही नव्हता.

प्लासिद म्हणाला, पाय मोडला असला तरी माणूस पाण्यावर चार-पाच दिवस काढतो. म्हणजे तो तिथे कातळाआड बसून खालून येणाऱ्या आमच्या हाका ऐकत असेल. इंजिनिअर सांगेलच, असं म्हणत असेल.

उद्या सांगतो.

मंगळवार, ९ जून

नाही सांगितलं.

आज शोधायला आमच्या टोळीत तेरा जण होते, पण तेरा नंबर प्लासिदने कुणालाच दिला नाही. त्याचा तो त्याचाच, म्हणाला. मी नेहमीसारखा सगळ्यांत मागे, चौदा. मोजणी आली. बारा.

आणि माझ्या पाठीमागून — ‘तेरा’.

पुढचे सगळे थांबले. प्लासिदने पहिल्यांदाच मान वळवली आणि ही कसली थट्टा म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्यामागे नुसती वाट होती, ओली.

तो दारियनचा आवाज नव्हता. मी काढलेला दारियनचा आवाज होता. मॅक्सीत मार्सेल ज्याला हसली होती, तो.

बुधवार, १० जून

पहाटे एकटाच निघालो. दुसऱ्या धबधब्यापर्यंत जाऊन त्याला आणायचं, मग जगाने काय हवं ते म्हणावं. नदीपाशी पाणी कमरेला होतं म्हणून परतलो.

खोटं. गुडघ्याला होतं.

पाण्यात पाय टाकला आणि मागून ‘तेरा’. अगदी मानेपाशी. श्वास जाणवला मला त्याचा — माझ्याच तोंडाचा वास — कोकोचा —

शुक्रवार, १२ जून

शोध थांबवला. मार्सेल त्याच्या आईकडे गेली. जाताना म्हणाली, तू होतास म्हणून धीर होता.

टांटी भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, आमच्या वडलांच्या वेळी एकाने दुसऱ्याचा नंबर आपल्या तोंडी घेतला होता. तो ठेवून घेता येत नाही, पोरा. जिथून उचलला तिथे नेऊन द्यावा लागतो. मग तेच ताट पुन्हा घासायला लागली.

तिला कळलंय. कधीपासून —

जेवलो नाही. दाराबाहेर दर थोड्या वेळाने —

रविवार, १४ जून

सकाळ. लख्ख ऊन. कोकोच्या झाडांत मोजणी चाललीय. प्लासिदचा ‘एक’. दोन. तीन. सात, मार्सेलचा. प्लासिद अरिमाला गेलाय. तीही तिथेच. झाडांत कुणी नाही. मी खिडकीतून बघितलं, दोनदा.

तोंडाने सांगवत नाही. म्हणून इथे. टांटी, ही वही प्लासिदला दे. दुसरा धबधबा. डावीकडचा मोठा कातळ, त्याच्या मागचा डोह. तिथे बघा. खाली नाही. खाली तो कधी आलाच नव्हता. दोन्ही वेळा ‘तेरा’ मी म्हणालो. मार्सेलला —

बारा. थांबलेत.

मी तिकडे चाललोय. दोर घेतलाय. जिवंत नसला तरी —

‘तेरा’.

‘चौदा’.

मी तोंड उघडलं नव्हतं. तो माझा आवाज होता. बाहेरून. आणि टांटी स्वयंपाकघरातून म्हणाली, हो हो, ऐकलं रे, निघालास ना, जपून जा.

म्हणजे आता मी मागे राहिलो तरी कुणी थांबणार —

ते चालू लागलेत. पावलं ऐकू येतायत. वही उघडीच ठेवतो. चौदा माझा आहे, माझ्याच तोंडून — टांटी, मी अजून आत आहे, तो मी नव्हे — नको. निघतो. दार ओढून घेतो आणि