बाकीच्या सगळ्यांसाठी एक ओळ

३ नोव्हें., सोम.
लेकीने, मुक्ताने, लॅपटॉपवर हॅस्केल घालून दिलं, प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिच्या कंपनीत हेच चालतं. निवृत्तीनंतर सायंदैनिकाचं निधनवार्तांचं पान घरून करतो. रोज त्याच चौकटी, त्याच ओळी. म्हणाली, बाबा, प्रोग्रॅम लिहा, तो ओळी जुळवेल. पहिला धडा: नावाला एकदा मूल्य दिलं की ते बदलायचं नाही, हवं तर नवं करायचं. जड जातंय. जन्म दुसऱ्यांच्या मजकुरावर खाडाखोड करण्यात गेला.

६ नोव्हें., गुरु.
वार्तांचे प्रकार एका जागी लिहिले. दशक्रिया, बौद्धांचं पुण्यानुमोदन, शोकसभा, दफनविधी, प्रार्थनासभा. प्रत्येकाची छापायची ओळ वेगळी. दशक्रियेची लिहिली, 'रामकुंड, सकाळी १०'सकट, चालली. बाकीच्या राहिल्यात, तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासणारा, पिवळी रेघ मारून कुठले प्रकार राहिले ते नावानिशी सांगतो. आमच्या डेस्कवर असा एकच माणूस होता, कंपोझिटर पगारे. अजून रविवारी चहाला येतात आणि पानातली एक तरी चूक काढल्याशिवाय उठत नाहीत.

९ नोव्हें., रवि.
पगारेंच्या मिसेस, सुमनताई, काल दुपारी गेल्या. उपनगरला त्यांच्याकडे जाऊन आलो. घर भरलेलं. पुण्यानुमोदन पुढच्या रविवारी, कॉलनीतल्या विहारात. निघताना पगारे एवढंच म्हणाले, "पानात नीट घ्या."

१५ नोव्हें., शनि.
आज प्रोग्रॅम खऱ्या पानाला लावला. बाराला पान द्यायचं आणि पिवळ्या रेघा तशाच, चार प्रकारांच्या ओळी बाकी. शेवटी अंडरस्कोर टाकला. त्याचा अर्थ 'बाकीचे सगळे'. त्यापुढे दशक्रियेचीच ओळ डकवली, तात्पुरती. घरातला निम्मा गोतावळा रामकुंडावर पौरोहित्य करतो, हात तिकडेच गेला असावा. रेघा गेल्या. पान वेळेत. प्रूफ पाहिलं नाही, मशीनने जुळवलंय म्हणून.

१६ नोव्हें., रवि.
विहारात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. पगारेंनी खिशातून कालच्या अंकाची घडी काढून हातात दिली. सुमनताईंचा फोटो, नाव, आणि खाली 'दशक्रिया विधी, रामकुंड, सकाळी १०'.
सिन्नरहून सुमनताईंच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका एसटीने आलेल्या, त्या रामकुंडावर शोधत राहिल्या. विहारात पोचल्या तेव्हा वंदना संपली होती.
पगारेंनी आवाज चढवला नाही. "गावाकडनं भावाचा फोन आला. म्हणे, दादा, तुमी परत तिकडं कवा गेले?"


१७ नोव्हें., सोम.
मुक्ताला दाखवलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, अंडरस्कोर टाकला की कंपायलर गप्प बसतो. त्याला गप्प बसवायचं नसतं."
अंडरस्कोर खोडला. रेघा परत आल्या. चारही ओळी लिहिल्या. सगळ्या मिळून चहा निवण्याइतकं काम.

१८ नोव्हें., मंगळ.
शुद्धिपत्र आधी दाखवून छापा, असा पगारेंचा निरोप. घेऊन गेलो. नेहमीचा मसुदा, 'अनवधानाने चुकीचा मजकूर प्रसिद्ध झाला, दिलगीर आहोत'. त्यांनी चष्मा लावून वाचलं. झालं कसं ते विचारलं. सगळं सांगितलं, अंडरस्कोरसकट.
"म्हणजे मशीन सांगत होतं."
"हो."
"नावानिशी?"
"हो."
माझ्या खिशातलं पेन घेतलं, 'अनवधानाने'वर आडवी रेघ मारली आणि कागद परत दिला. मग चहा आला. तो घेऊन निघालो.

१९ नोव्हें., बुध.
त्या जागी दुसरा शब्द शोधत होतो. 'नजरचुकीने'? नजरेसमोरच होतं. 'तांत्रिक कारणाने'? मशीनचं काही चुकलं नव्हतं. साडेअकराला जागा मोकळी ठेवूनच पाठवलं. 'चुकीचा मजकूर प्रसिद्ध केला', खाली माझं नाव.
ऑफिसातून फोन. "सर, 'अनवधानाने' राहिलंय वाटतं. घालून टाकू?"
नको, म्हटलं. काढलंय ते.
या रविवारी चहाला येणार का, ते पगारेंनी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.